तीन दिवस, दोन गुडघे आणि एक सराफा

सर्वप्रथम इंदूरच्या समस्त मामेभावंडांची, वहिन्यांची आणि त्यांच्या लेकरांची जाहीर माफी मागते. आम्ही डिसेंबरात इंदूरला येऊन गेलो. तीन दिवस होतो. तुम्हाला कुणालाच कळवलं नाही. कट आईचा होता, मी फक्त अंमलबजावणी केली. आज ना उद्या कुठून तरी कळणारच, तर ते निदान माझ्याकडून कळावं म्हणून लिहायला बसले आहे. पूर्ण वाचा, आणि मग काय ते रागवा.

झालं असं की नोव्हेंबरात डॉक्टरांनी आईच्या दोन्ही गुडघ्यांचे फोटो भिंतीवरच्या दिव्यावर लावले आणि जानेवारीत उजव्याचं ऑपरेशन करून टाकू म्हणाले. "त्याआधी कुठे जाऊन यायचं असेल तर या. नंतर काही महिने जमायचं नाही." रिक्षात बसल्या बसल्या मी आईला विचारलं, कुठे जायचंय? तिने बाहेर बघतच सांगितलं, "इंदूर." मला आश्चर्य वाटलं नाही. माहेर आहे तिचं. एकवीस वर्षांची असताना लग्न होऊन पुण्यात आली, आता शहात्तर पूर्ण आहेत.

मला सुटी मिळणार होती एका शुक्रवारची. पुढे शनिवार-रविवार. म्हणजे तीन दिवस.

आता आमच्या घरात सहलीचा बेत ही गंभीर बाब असते. बाबा फुलस्केप कागदावर पट्टीने रेघा मारून वेळापत्रक करायचे. सकाळी सव्वासहाला चहा, सहा पन्नासला प्रस्थान, असं. आम्ही भावंडं त्यावरून त्यांची भरपूर चेष्टा करायचो. बाबा गेले आणि तो रोग माझ्यात आला. फरक एवढाच, की मी एक्सेलमध्ये करते. रंग देऊन.

दोन रात्री जागून मी जो तक्ता केला त्यात तेवीस ओळी होत्या. खरं तर हा भाग बेत आखणाऱ्याला मोहात पाडणाराच आहे. नकाशा उघडून बघा. इंदूर, महेश्वर आणि मांडू यांचा छान त्रिकोण होतो. इंदूरहून महेश्वर साधारण नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर, महेश्वरहून मांडू चाळीसेक आणि मांडूहून परत इंदूर शंभराच्या आत-बाहेर. एक खाण्याचं शहर, एक नदीकाठचं राजधानीचं गाव आणि एक डोंगरावरचं ओसाड नगर, सगळं एका फेरीत. त्यात महेश्वरहून ओंकारेश्वर फार लांब नाही, आणि आई म्हटलं की ज्योतिर्लिंग आलंच, म्हणून तेही घातलं. इंदुरात राजवाडा, काच मंदिर, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, छप्पन दुकान. आणि सगळ्यात वर, पिवळ्या रंगात: रामबागेतलं आजोळ, सर्व नातेवाईक, जेवण.

तक्त्याची प्रिंट काढून आईला दिली. तिने चष्मा लावला, पेन्सिल मागितली, आणि पेपर तपासावेत तशी बसली. (चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, सवय जात नाही.) अर्ध्या तासाने कागद परत आला. ओंकारेश्वरावर काट. काच मंदिरावर काट. छप्पन दुकानवर काट. आणि आजोळावर पट्टीने मारल्यासारखी सरळ काट. खाली तिच्या अक्षरात एकच ओळ होती. "सराफा. रात्री."

मी म्हटलं, "अगं, ओंकारेश्वर नको?"

"महादेव इथेही आहेत."

"आणि रामबाग?"

"वाडा पाडून तिथे इमारत झालीये. इमारत काय बघायची? आणि दादा नाही, अण्णा नाही. पोरं चांगली आहेत गं, पण गेलं की तीन दिवस सोफ्यावर बसवतील. आत्या आल्या, आत्या आल्या. गुडघा दुखतोय ना, पाय वर घ्या. रात्री साडेआठला खिचडी आणि झोपा. सराफ्यात कोण नेणार मला?"

इंदूरचा सराफा ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. राजवाड्याच्या मागे सोन्याचांदीच्या दुकानांची गल्ली आहे. दिवसभर तिथे दागिन्यांचा व्यवहार चालतो. रात्री दुकानं बंद झाली, की त्याच दुकानांसमोर खाण्याच्या गाड्या आणि कढया लागतात, आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत सगळं शहर तिथे खात उभं असतं. भुट्टे का कीस, गराडू, दहीवडे, खोबऱ्याचे पॅटिस, साबुदाण्याची खिचडी, मावाबाटी, ताटलीएवढा जलेबा. इंदूरचा माणूस सराफ्याबद्दल बोलायला लागला की थांबत नाही.

तर मी आईला म्हटलं, "तू तर तिथलीच. लहानपणी खाल्लंच असशील की सगळं."

"सराफा मी दिवसाचा पाहिलाय," आई म्हणाली. "रात्रीचा नाही."

मग जे कळलं ते मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं. माझ्या आजोळी मुलींनी दिवेलागणीनंतर फाटकाबाहेर जायचं नाही, हा नियम होता. दर शनिवारी रात्री जेवणं झाली की माझे दोन्ही मामा मित्रांबरोबर सराफ्यात जायचे, आणि येताना बहिणींसाठी आठवणीने कागदात काहीतरी बांधून आणायचे. मुली तोवर झोपलेल्या असायच्या. पुडा सकाळी उघडायचा. "दादा कधी विसरला नाही," आई म्हणाली. "एकदाही नाही. पण येतेस का, असं नाही विचारलं कधी. त्याला सुचलंच नसणार. आणि मलाही विचारायचं सुचलं नाही."

लग्नाचं मंगळसूत्र, पाटल्या, सगळं त्याच गल्लीतून घेतलेलं. भर दुपारी, आजीबरोबर. रामबागेपासून चालत जाण्यासारखं अंतर. आणि एकवीस वर्षं त्या गावात राहून ही बाई रात्रीच्या सराफ्यात एकदाही गेली नव्हती.

मी तेवीस ओळी पुसल्या.

इथून पुढे खरा बेत सुरू झाला, आणि तो मला वाटला होता त्यापेक्षा अवघड निघाला. पहिला प्रश्न ऋतूचा. मांडू बघावं पावसाळ्यात, हे सगळे सांगतात, आणि खरंच आहे ते. तलाव भरलेले, महालात ढग शिरलेले. पण गराडू हा कंद थंडीत मिळतो, आणि आईच्या यादीत गराडू पहिला होता. शिवाय ऑपरेशन जानेवारीत. म्हणजे डिसेंबर ठरला. मांडू कोरडं तर कोरडं.

दुसरा प्रश्न, सराफा कुठल्या रात्री? मला सवयीने वाटत होतं, सगळ्यात चांगली गोष्ट शेवटी ठेवावी. पण गुडघ्यांचा विचार केला तर उलटं दिसतं. शेवटच्या रात्रीपर्यंत दोन गावं फिरून ती थकलेली असणार. शिवाय शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. म्हणून शुक्रवार. पहिल्याच रात्री मुख्य काम उरकायचं, आणि मग पुढे जे जमेल ते.

तिसरा प्रश्न सगळ्यात साधा, आणि तोच कुठल्याही माहितीत सापडला नाही. सराफ्यात बसायचं कुठे? तिथे सगळे उभ्यानेच खातात. आईला दहा मिनिटांच्या वर उभं राहता येत नाही. शेवटी मी मासे धरणारे लोक वापरतात तसं घडीचं स्टूल आणलं. पिशवीत मावतं. ही या प्रवासातली माझी सर्वांत शहाणपणाची खरेदी.

गुरुवारी गाडीत बसलो. विमानाने जाऊ म्हटलं तर, "माहेरी रेल्वेनेच जायचं असतं," म्हणाली. (येताना मात्र विमान. तिथे मी ऐकलं नाही.) शुक्रवारी सकाळी उतरलो, खोलीवर सामान टाकलं आणि पोहे-जिलबी खायला गेलो. इंदुरी पोह्यांबद्दल पुणेकरांना समजावणं कठीण आहे. ते उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवून वाफेवर गरम राहतात, त्यामुळे लुसलुशीत असतात. त्यात बडीशेप असते. वर शेव, कच्चा कांदा, डाळिंबाचे दाणे आणि जीरावन नावाचा मसाला. शेजारी गरम जिलबी. गोड आणि तिखट आलटून पालटून खायचं. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "बडीशेप." एवढंच. मग कळलं, की लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने पुण्यात पोह्यांत बडीशेप घातली होती आणि आजीने (बाबांच्या आईने) ताटलीच बाजूला सारली होती. त्यानंतर आमच्या घरात पोह्यांत बडीशेप आली नाही. मी लहानपणापासून जे 'आईच्या हातचे पोहे' म्हणून मिरवते, ते मुळात आईचे नव्हतेच तर!

दिवसभर बाकी काही केलं नाही. संध्याकाळी रिक्षाने राजवाड्यासमोरून एक चक्कर मारली. सात मजली दरवाजा, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. 1984 च्या दंगलीत तो जळाला, नंतर डागडुजी झाली. आई म्हणाली, "आमच्या वेळी इतका स्वच्छ नव्हता." गावही नव्हतं म्हणे. 2017 पासून सलग सात वेळा देशातल्या स्वच्छ शहरांत पहिला नंबर आल्याचं ती तीन दिवस रिक्षावाल्यांकडून ऐकत होती आणि जणू काही स्वतः झाडून काढल्यासारखी मान डोलवत होती.

रात्री पावणेदहाला निघालो. थंडी होती. आईने शाल, त्यावर कानटोपी. रिक्षा जिथवर जाते तिथवर गेलो, पुढे चालत. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने माझा दंड धरलेला, माझ्या खांद्यावर स्टूल. गल्लीच्या तोंडाशी आई थांबली. मला वाटलं गुडघा. पण ती वरती पाट्या वाचत होती. सोन्याचांदीच्या दुकानांच्या पाट्या. शटर खाली, आणि शटरसमोर भली थोरली कढई. "इथे सगळं उलटं झालंय," ती म्हणाली. "म्हणजे तेच आहे सगळं, पण उलटं."

एका बंद दुकानाच्या पायरीला लागून मी स्टूल उघडलं. आईला बसवलं. आणि मग माझी पळापळ सुरू झाली. मी एकेक पदार्थ आणायचा, तिने दोन घास खायचे, उरलेलं मी संपवायचं, असा करार होता, कारण साखर आहे तिला. आधी भुट्टे का कीस. कोवळी कणसं किसून दुधात शिजवतात, वर लिंबू आणि कोथिंबीर. "बरा आहे, पण आमच्या आईचा याहून चांगला." मग दहीवडा. तिथले दहीवडेवाले द्रोण हवेत उडवून झेलतात आणि चिमटीतले सगळे मसाले एकामागून एक वेगवेगळे टाकतात, ते बघायला तिला उठून उभं राहायचं होतं. राहिली. टाळी वाजवली. शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलांनी तिला पुढे जागा करून दिली, "आओ मांजी," म्हणून.

आणि मग गराडू. कोनफळाच्या जातीतला हा कंद. फोडी करून तळतात, त्या मोठ्या तव्यावर मांडून ठेवतात आणि मागितल्यावर पुन्हा कढईत सोडतात, वर मसाला आणि लिंबू. मी द्रोण आणून दिला. आईने एक फोड फुंकून तोंडात टाकली. चावली. थांबली. माझ्याकडे बघितलं.

"अगं, हा कुरकुरीत असतो?"

मी म्हटलं, म्हणजे?

"मला वाटायचं गराडू चिवटच असतो. रबरासारखा. तसाच आवडायचा मला."

सकाळचा पुडा. रात्रभर कागदात गार झालेला. एवढी वर्षं ती पुण्यात आम्हाला सांगत आली होती, की गराडू काय छान चिवट लागतो, तुम्हाला नाही कळायचं.

मला काही बोलायला सुचेना. ती मात्र खात होती. तिने तो द्रोण संपवला, मला एकही फोड दिली नाही, आणि दुसरा आणायला सांगितला. साखरेचा करार जलेब्याशी मोडला, तेही सांगून टाकते. अर्धा खाल्ला. साडेअकरा वाजून गेले होते. उठताना म्हणाली, "दादा असता तर त्याला सांगितलं असतं, तू आणायचास तो शिळा असायचा." आणि हसायला लागली. मोठ्या मामावर तिचा जीव होता, हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. त्यात तक्रार नव्हती. किंवा असली तरी ती मामावर नव्हती.

शनिवारी उशिरा उठून महेश्वरला गेलो आणि तिथे मुक्काम केला. महेश्वरबद्दल खूप लिहिता येईल. अहिल्याबाई 1767 पासून 1795 पर्यंत इथून राज्य चालवत होत्या. राजधानी इंदूरला कायमची गेली ती पुढे 1818 मध्ये, मंदसौरच्या तहानंतर. किल्ल्यातल्या वाड्यात त्यांची गादी ठेवली आहे. पांढरी, साधी. राजाची गादी म्हणून बघायला गेलेला माणूस गोंधळून जाईल इतकी साधी. किल्ल्यात विणकरांचे माग चालू आहेत, 1970च्या दशकाच्या अखेरीस रेवा सोसायटी स्थापन झाल्यापासून या साड्यांना पुन्हा बरे दिवस आले. माहेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो हे आईला माहीत होतं, पण काठावरची नक्षी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवरून घेतली आहे, हे तिथे समोरासमोर बघून कळलं. आधी साडी बघायची, मग भिंत.

घाटाच्या सगळ्या पायऱ्या उतरणं शक्य नव्हतं. रिक्षावाल्याने एका बाजूने जमेल तितकं खाली नेलं, पुढे मोजून एकोणीस पायऱ्या. स्टूल पुन्हा उघडलं. समोर नर्मदा, पाण्यात मधोमध बाणेश्वराचं देऊळ, संध्याकाळचे दिवे. आई दोन तास तिथून हलली नाही. माझ्या मूळ तक्त्यात महेश्वरच्या घाटाला पंचेचाळीस मिनिटं होती.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "गंमत बघ. या बाईने अठ्ठावीस वर्षं राज्य केलं. आणि तिच्याच होळकरांच्या गावात आम्हाला रात्री नऊनंतर फाटक ओलांडायची सोय नव्हती. शाळेत अहिल्याबाईंवर निबंध लिहून माझा पहिला नंबर आला होता. तो घेऊन सहाच्या आत घरी आले होते."

रविवारी मांडू. हे माझं स्वप्न होतं, तिचं नव्हतं, म्हणून थोडक्यात सांगते. जहाज महाल आईने खालून बघितला. दोन तलावांच्या मधला लांबलचक महाल, पाणी कमी होतं, जहाज जरा जमिनीला टेकल्यासारखं दिसत होतं. होशंगशाहाच्या संगमरवरी कबरीपर्यंत ती आली. शाहजहानच्या वास्तुकारांनी 1659 मध्ये इथे येऊन आदर व्यक्त केल्याचा लेख तिथल्या दारावर आहे. रूपमतीच्या मंडपाला मात्र मी एकटीच चढले. तिथून तिला रोज नर्मदा दिसायची, अशी कथा आहे. 1561 मध्ये अकबराच्या फौजेने बाजबहादूरचा पराभव केला आणि रूपमतीने विष घेतलं, असं सांगतात. मी डोळे ताणून बघितलं. धुरकट हवा होती. नदी दिसली नाही. खाली आले तर आई गोरखचिंच विकणाऱ्या बाईशेजारी स्टूल टाकून गप्पा मारत होती, आणि चिंच चोखत होती.

"दिसली का नर्मदा?"

"नाही."

"मी काल बघितलीये," म्हणाली. "बस गाडीत."

रात्रीच्या विमानाने परत आलो. परतीच्या प्रवासात मी हिशेब केला, तर तेवीस ओळींपैकी आम्ही सात केल्या होत्या. आणि एक, जी मुळात तक्त्यात नव्हतीच. मला राहून राहून वाटत होतं, की मामांनी तिला विचारलं नाही हे मी किती सहज म्हणून गेले. पण मी तरी काय केलं होतं? दोन रात्री जागून, रंग देऊन, तिच्याच गावाचा तक्ता केला आणि तिला तयार पुडा हातात दिला. फक्त तिने या वेळी पेन्सिल मागितली.

असो. कुणी जाणार असाल तर चार गोष्टी. सराफा पहिल्या रात्री ठेवा आणि दुपारी जेवू नका. महेश्वरला मुक्काम करा, उभ्या उभ्या परत येऊ नका. मांडू पावसाळ्यात, गराडू थंडीत, दोन्ही एका फेरीत मिळत नाहीत हे आधीच मान्य करा. आणि बरोबर वयस्कर माणूस असेल तर घडीचं स्टूल न्या. ते असलं की कुठेही थांबता येतं, आणि थांबल्यावर माणसं बोलतात.

ऑपरेशन जानेवारीत नीट पार पडलं. व्यायाम चालू आहे, फिजिओथेरपीवाल्या मुलीशी रोज भांडण चालू आहे. गेल्या आठवड्यापासून पोह्यांत बडीशेप घालते. मला काही ती फारशी आवडत नाही, पण मी ताटली बाजूला सारलेली नाही :)

आणि मामेभावंडांनो, पुढच्या डिसेंबरात आई परत येणार आहे, या वेळी रीतसर कळवून. सोफ्यावर बसेल, खिचडीही खाईल. पण रात्री दहाला तुमच्यापैकी कुणीतरी तिला विचारायचं आहे, "आत्या, येतेस का?" एवढं विचारा. स्टूल आम्ही आणतो.